चोर आला आणि चष्मे धुऊन गेला

१

शनिवारी सकाळी मी दुकान उघडलं तेव्हा सगळं जागच्या जागी होतं, फक्त जुन्या चष्म्यांचा खोका नव्हता.

तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? मलाही आधी तसंच वाटलं. पण भिंतीवरच्या कपाटात इटलीच्या फ्रेमा ओळीनं बसल्या होत्या. त्यातली एक विकली तर घरात पंधरा दिवसांचा किराणा येईल, आणि कपाटाला साधं कुलूपही नव्हतं. गल्ल्यात शुक्रवारची रोकड तशीच होती. चोरानं तिकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. त्यानं नेला होता तो दारापाशी ठेवलेला लाकडी खोका. त्यात गावातले लोक आपले टाकाऊ चष्मे टाकतात. ओरखडे पडलेले, काडी मोडलेले, घरातल्या मेलेल्या माणसांचे. ईस्टरनंतर सेवा क्लब तो खोका परदेशातल्या गरिबांकडे पाठवतो.

दार फोडलेलं नव्हतं, खिडकीची काचही शाबूत होती.

मी वैजयंती. पेनसिल्व्हेनियातल्या कोल्टर्स रन या गावात डॉ. रसेल टिमको यांच्या चष्म्याच्या दुकानात पुढच्या टेबलावर बसते. काम एकच, लोकांना त्यांचा डोळ्यांचा विमा समजावून सांगणं. इतकी वर्षं समजावते आहे आणि मला स्वतःला तो एकदाही कळलेला नाही. आधी फ्रेमची किंमत डोळे पांढरे होतील अशी लावायची. मग विम्यानं त्यातली थोडी कमी करायची. मग सांगायचं, काचेवरचा लेप विम्यात बसत नाही, पातळ काचही बसत नाही, आणि ही फ्रेम बसते पण लाल रंगात बसत नाही. गिऱ्हाईक दमून विचारतं, "मग विमा नसताच तर किती पडले असते?" मी हिशेब करते, तर बऱ्याचदा तेवढेच पडतात. एकदा चक्क कमी पडले. त्या दिवशी घरी जाऊन मी कपाळाला बाम चोळला.

सांगायचा मुद्दा हा, की गोंधळाची मला सवय आहे. पण हा खोक्याचा गोंधळ त्याहून वरचा निघाला.

डॉक्टर आले, त्यांनी रिकामी जागा पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला तो किल्लीचा. "किल्ल्या तीन. एक माझी, एक तुझी, एक ट्रूडीची. काल शेवटी कोण गेलं?"

"ट्रूडी," मी बोलून गेले आणि जीभ चावली.

ट्रूडी वेसेल्का मागच्या खोलीत काचा घासून फ्रेमांत बसवते. तोंडानं फटकळ, हातानं सोनं. पंधरा दिवसांपूर्वी शेल्बी नावाची एक बाई तुटका चष्मा घेऊन आली होती. विमा नाही, नव्याची ऐपत नाही. म्हणाली, त्या खोक्यातला एखादा मला चालेल. डॉक्टर नाही म्हणाले. तेव्हा ट्रूडी सगळ्यांसमोर बोलली होती, "वा! समुद्रापलीकडच्या माणसाला चष्मा, आणि आपल्या गल्लीतली बाई चाचपडत फिरते!"

आता डॉक्टरांनी तिला बाहेर बोलावलं.

"ट्रूडी, तूच नेलास ना खोका? शेल्बीला द्यायला?"

"मी दिला असता ना, तर तुमच्या नाकासमोर दिला असता," ट्रूडी म्हणाली. "चोरून कशाला?"

"विमा कंपनीला कळलं की माझ्या दुकानातून तपासणी न करता जुने चष्मे वाटले जातात, तर ते माझा करार मोडतील. दुकान बंद होईल. येत्या शुक्रवारपर्यंत खरं काय ते सांग. नाहीतर किल्ली ठेव आणि जा."

 ट्रूडीची मुलगी कॅली शाळेत आहे. त्या पोरीच्या बुबुळाला टोक आलंय, साधा चष्मा चालत नाही, खास बनवलेल्या लेन्सा घालाव्या लागतात. त्या मिळतात त्या ट्रूडीच्या नोकरीच्या विम्यावर. नोकरी गेली की विमा गेला, आणि विमा गेला की पोरीला फळ्यावरचं अक्षर दिसणार नाही. हे डॉक्टरांना माहीत होतं आणि मलाही माहीत होतं.

२

मी तडक ओपल गॅरिटीकडे गेले.

ओपल माझ्या शेजारी राहते. सत्तरी उलटली तरी केस लालभडक रंगवते. नोकरी एका विमा कंपनीत केली, लोकांचे दावे नाकारण्याच्या खात्यात. स्वतःच म्हणते, "जन्मभर 'नाही' म्हणायचा पगार खाल्ला. आता एखाद्याला 'हो' म्हणून मरू दे." खोटं बोलणारा माणूस तिला दाराबाहेरूनच कळतो.

"शुक्रवारी दुपारनंतर दुकानात कोण कोण आलं?" तिनं विचारलं.

"कुणी नाही. मी फोनवर होते. विमा कंपनीनं ताटकळत ठेवलं होतं, ते पिपाणीचं संगीत लावून."

"कुणीच नाही?"

"एक बाई स्क्रू आवळून घ्यायला आली. शेल्बी परत भाव विचारून गेली. पोस्टमन आला. आणि लेलंड मासे घेऊन आला. बस."

"अगं, मग 'कुणी नाही' कसं?"

"म्हणजे चोर वाटावा असं कुणी नाही हो! तुम्ही पण ना!"

ओपल हसली. लेलंड हॉर्वाथ म्हणजे सेवा क्लबचा अध्यक्ष, बंद पडलेल्या पोलाद कारखान्यातला जुना मुकादम. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत शुक्रवारी गाव मटण खात नाही. अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये कढया चढतात, तळलेल्या माशाची ताटं विकली जातात आणि शेवटी बक्षिसांची सोडत निघते. ज्यांना दुकान सोडून जाता येत नाही त्यांना लेलंड जागेवर आणून देतो. चष्म्यांचा खोका ठेवायची कल्पनाही त्याचीच. खोका गेल्याचं कळल्यावर मी त्याला फोन केला, तर म्हणाला, "क्लबनं नेलेला नाही." आणि फोन ठेवून दिला. बिचाऱ्याला धक्का बसला असणार, असं मी समजले.

पहिल्यांदा आम्ही शेल्बीला गाठलं. ती स्वस्त वस्तूंच्या दुकानात मालाला किमतीच्या चिठ्ठ्या लावत होती. नाकावर तोच मोडका चष्मा, मधोमध चिकटपट्टी.

"खोका तू नेलास का गं?" ओपलनं आडपडदा न ठेवता विचारलं.

"अख्खा खोका माझ्याकडे असता, तर हे ध्यान घेऊन फिरले असते का मी?" शेल्बीनं चष्म्याकडे बोट केलं. "मी तर म्हणते, डॉक्टरनंच जाळला असेल. त्याला तो खोका डोळ्यांत खुपतो. लोक त्यातली जुनी फ्रेम उचलतात आणि म्हणतात, यातच काचा घाला. मग त्याच्या इटलीच्या कोण घेणार?"

हे ऐकून मला पटलं की चोर डॉक्टरच.  परत येताना ओपलला म्हटलं, "डॉक्टरांनीच नेला असेल आणि आळ ट्रूडीवर." घरी पोचेपर्यंत मला शेल्बीचाही संशय यायला लागला होता, कारण तिनं फार पटकन उत्तर दिलं होतं. रात्री तर वाटलं, मीच फोनच्या नादात खोका गाडीत टाकला नसेल ना? जाऊन डिकी उघडून पाहिली. त्यात नुसती छत्री होती.

सोमवारी सकाळी दुकानाशी गेले, तर खोका पायरीवर ठेवलेला होता.

३

खोका भरलेला होता, जसा आधी होता तसाच काठोकाठ. पण त्यातला एकेक चष्मा लखलखत होता. कुणीतरी सगळे साबणानं धुऊन, पुसून, काड्या मिटून नीट रचून ठेवले होते.

मी तिथंच पायरीवर बसले. चोर येतो, सोनं सोडून भंगार नेतो, ते घासूनपुसून परत आणून देतो. मोलकरीणसुद्धा एवढं करत नाही!

डॉक्टरांनी एक नजर टाकली. "घाबरून परत आणला. शुक्रवारचं मी बोललो ते बोललो."

"डॉक्टर, निदान धुतले कशाला ते तरी विचारा!" मी म्हणाले.

"बोटांचे ठसे," ते म्हणाले आणि आत गेले.

ओपल आली. तिनं चष्म्यांकडे पाहिलंच नाही. खोका रिकामा करायला लावला, मग वाकून आतल्या लाकडाला नाक लावलं आणि मलाही लावायला सांगितलं. साबणाच्या वासाखाली दुसराच काहीतरी वास होता. ओळखीचा, पण नाव आठवेना.

"ट्रूडी," ओपलनं हाक मारली, "यातले चष्मे तुझ्या ओळखीचे असतील ना?"

"बहुतेक सगळे. निम्मे मीच बनवलेत." ट्रूडी एकेक उचलून बाजूला ठेवत गेली. डोळे सुजलेले होते तिचे, पण हात थांबला नाही. एका चष्म्यापाशी मात्र तो थांबला. जाड काळी फ्रेम, दोन्ही बाजूंना तारेची जाळी. "हा नव्हता."

"नक्की?"

"हा कारखान्यातला आहे. ठिणगी उडून डोळ्यात जाऊ नये म्हणून बाजूला जाळी. कारखाना चालू होता तेव्हा कामगारांना फुकट द्यायचे. माझ्या बापाचाही असाच होता. खोक्यात असा एकही नव्हता, मला आठवलं असतं." तिनं तो काचेचा नंबर मोजायच्या यंत्राखाली धरला. "आणि हे बघा. उजव्या डोळ्याचा नंबर भलताच मोठा, डाव्याचा जवळजवळ नाहीच. एवढा तिरपागडा नंबर क्वचित दिसतो."

ओपलनं तो चष्मा रुमालात गुंडाळला.

"म्हणजे चोरानं काही नेलंच नाही?" मी विचारलं. "उलट एक जास्तीचा ठेवला?"

"जास्तीचा कशावरून?" ओपल म्हणाली. "एक ठेवलाय, म्हणजे एक नेलाय. वैजू, हा चोर नाही. हा माणूस दुकानात आला होता, फक्त आपण ज्याला दुकान म्हणतो त्या दुकानात नाही, खोक्याच्या दुकानात."

मला काही कळलं नाही, पण मान डोलावली. विम्यामुळे ती सवय लागली आहे.

४

ओपलला डॉक्टरांशी बोलायचं होतं. ते बुधवारी संध्याकाळी मोकळे सापडले. मला वाटलं ती कारखान्याचा चष्मा दाखवून विचारील, हा नंबर कुणाचा? तिनं तो पर्समधून काढलाच नाही.

"रसेल," ती म्हणाली, "फ्रेम बनवायला खरा खर्च किती येतो रे?"

"खरं सांगू?" डॉक्टर म्हणाले. " एका पिझ्झाएवढा."

"आणि तू विकतोस केवढ्याला?"

"मी कुठं विकतो? पाटी फक्त माझी." ते खुर्चीत मागे रेलले. "काचा कुठून बनवून घ्यायच्या ते विमा कंपनी ठरवते. फ्रेमा कुणाच्या ठेवायच्या तेही तीच सांगते. त्या फ्रेमा बनवणारेही त्यांच्याच घरचे. फ्रेमांचा कारखाना त्यांचा, विमा त्यांचा, आणि मी मधला हमाल. विमा घ्यायचा नाही म्हटलं तर अर्धं गाव शहरात जाईल. घेतला तर हा असा कात्रीत सापडतो. मला काय, ट्रूडीला घालवण्यात आनंद आहे का?"

"मग घालवू नकोस."

"उद्या तपासणीला माणूस आला तर त्याला काय सांगू? खोका फिरायला गेला होता म्हणून?"

मला त्यांची कीव आली आणि रागही आला. दोन्ही एकदम आले की नेमकं काय करायचं ते कळत नाही, म्हणून मी त्यांना कॉफी करून दिली.

बाहेर पडल्यावर मी ओपलला खडसावलं. "नंबर का नाही विचारलात? ते एका क्षणात नाव सांगतील."

"त्याच्या पेशंटचं गुपित आहे ते. सांगितलं तर कायदा मोडेल, नाही सांगितलं तर माझ्याशी खोटं बोलेल. कशाला त्या गरिबाला आणखी एका कात्रीत घालू? शिवाय नाव मला कळलंय."

गाडीत बसल्यावर तिनं पहिला प्रश्न मला टाकला. "अख्खा खोका का नेला? एक चष्मा खिशात घातला असता तर कुणाला पत्ता लागला असता?"

"घाई असेल?"

"उलट. सवड हवी होती. असा तिरपागडा नंबर असलेल्याला पहिला उचलला आणि बसला असं होत नाही. एकेक लावून बघावा लागतो. आणि दुकानात उभं राहून लावून बघणं त्याला शक्य नव्हतं."

"का?"

"कारण गावानं पाहिलं असतं. बरं, कारखान्याचा चष्मा, म्हणजे जुना कामगार. अजून तोच वापरत होता, म्हणजे कारखाना बंद झाल्यावर नवा घेतलाच नाही. आता मला सांग, धुतले का?"

"डॉक्टर म्हणतात, ठसे."

"ठसे पुसायला फडकं पुरतं. साबण कशाला लागतो?"

तेव्हा मला तो वास आठवला. शुक्रवारी संध्याकाळी सगळ्या गावाच्या कपड्यांना येतो तो. "तेल! तळणीचं तेल!"

"खोका ज्यात घालून नेला तो पुठ्ठ्याचा डबा तेलकट होता. चष्मे बरबटले, म्हणून धुवावे लागले. आता शुक्रवारी भरदिवसा, तुझ्या नाकासमोरून, तेलकट डबा घेऊन दुकानात येणारा आणि डबा घेऊनच बाहेर जाणारा माणूस कोण? इतका रोजचा, की तू त्याला 'कुणी नाही' म्हणालीस?"

"पण ओपल," मी जवळजवळ ओरडले, "तो कसा चोरील? खोका त्याचाच आहे!"

५

लेलंड हॉर्वाथ एकटा राहतो. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. गुरुवारी आम्ही त्याच्या दाराशी गेलो. घंटा वाजवली, आतून पावलं आली आणि दार उघडलं.

मला हसू फुटणार होतं, ते मी पदर नसतानाही पदर तोंडात कोंबल्यासारखं दाबलं. सहा फूट उंच, हाडापेरानं दणकट, पांढऱ्या मिशांचा लेलंड समोर उभा होता, आणि त्याच्या नाकावर बायकी चष्मा होता. जांभळा. कडा मांजराच्या कानासारख्या वर गेलेल्या आणि त्यांत चमकणारे खडे जडवलेले.

त्याला भान आलं तेव्हा उशीर झाला होता. हात चष्म्याकडे गेला, पण त्यानं तो काढला नाही. खाली आणला हात.

"आत या," तो म्हणाला.

स्वयंपाकघरात बसलो. ओपलनं रुमाल सोडून कारखान्याचा चष्मा टेबलावर ठेवला.

"मी चोर नाही, ओपल," लेलंड म्हणाला. "एक घेतला, एक ठेवला."

"ते कळलं मला. नवा का नाही केलास?"

"गेलो होतो. ही समोर बसली होती," त्यानं माझ्याकडे बोट केलं. "हिला विचारलं, म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्यात चष्मा बसतो का? ही म्हणाली, मोतीबिंदूचं ऑपरेशन बसतं, चष्मा नाही. कारखान्यात होतो तेव्हा दरसाल नवा मिळायचा. मला वाटलं, सरकार गुडघ्याचे पैसे देतं, काळजाचे देतं, तर डोळे काय भाड्यानं आणलेत मी? मग हिनं माझ्या तिरक्या नंबराचा हिशेब सांगितला. म्हटलं, विचार करून येतो. आणि घरी आलो."

मला आठवलं. त्यानं टोपी उचलून माझे आभारही मानले होते.

"मला सांगायचं होतंस," ओपल म्हणाली. "रसेलला सांगायचं होतंस. क्लबला सांगितलं असतं तर एका दिवसात केला असता नवा."

"क्लबला?" लेलंडचा आवाज चढला. "अगं, क्लब गरिबांना देतो! दरसाल मी उभा राहून सांगतो, ज्यांना दिसत नाही अशा गरिबांसाठी द्या. मी देणाऱ्यांतला आहे, ओपल. घेणाऱ्यांत उभं राहायला मला येत नाही. ह्या वर्षी हॉलमधले सोडतीचे आकडेसुद्धा दुसऱ्याकडून वाचून घेतले, घसा बसलाय म्हणून."

"मग हा तरी घालून बाहेर ये."

"हा घालून?" त्यानं खड्यांना हात लावला. "सगळे लावून पाहिले. हा एकच माझ्या डोळ्यांना लागला. आता देवानं हाच ठेवला होता माझ्यासाठी, त्याला काय करू?"

तो त्याच संध्याकाळी खोका परत नेऊन ठेवणार होता. मागच्या दाराशी ठेवला असता, कुणाला काही कळलं नसतं. पण शोधता शोधता अंधार पडला आणि अंधारात त्याला गाडी चालवता येईना. सकाळ झाली तोवर मी दुकान उघडून बोंब मारली होती.

"आणि मी फोन केला तेव्हा?" मला राहवलं नाही. "तेव्हा का नाही बोललात?"

"'क्लबनं नेलेला नाही' म्हणालो. खोटं नव्हतं ते."

"ट्रूडीवर आळ आलाय, लेलंड!" मी म्हणाले. "उद्या तिची नोकरी जाते. कॅलीच्या लेन्सा जातात."

"खोका परत दिला ना मी. मला वाटलं मिटलं."

"मिटलं नाही," ओपल म्हणाली.

तो म्हणाला, "मी रसेलला फोन करतो." पण करतो म्हणताना त्यानं चष्मा काढून खिशात ठेवला, ते मला आवडलं नाही.

६

फोन आला नाही. शुक्रवारी सकाळी नाही, दुपारीही नाही. त्या दिवशी माशाची ताटं दुसराच कुणी घेऊन आला.

शेवटी मीच डॉक्टरांना सांगून टाकलं. "खोका लेलंडनं नेला होता."

ते हसले. वाईट हसू नव्हतं, दमलेलं होतं. "व्हिजी," ते मला असंच म्हणतात, "तुला ट्रूडीची दया येते ते कळतं मला. पण खोका त्याचाच आहे. स्वतःचाच खोका तो कशाला चोरील?"

हा प्रश्न मीच विचारला होता. ओपलला फोन केला. ती म्हणाली, "मी पुरावा मांडीन आणि लेलंड नाही म्हणेल, मग? ट्रूडी सुटायला हवी तर ते त्याच्या तोंडूनच यायला हवं."

दुकान बंद होताना ट्रूडीनं किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. तिची हत्यारं एका कापडी पिशवीत होती. "चला," ती म्हणाली, "कॅलीला मासे खायला घेऊन जाते. घरी स्वयंपाक करायची ताकद नाही." डॉक्टरांनी किल्ली उचलून खिशात टाकली आणि कुणाकडे न बघता दिवे मालवले.

हॉल गच्च भरला होता. तेलाचा धूर, कोबीची कोशिंबीर, बटाटा भरलेले पिरोगी, पोरांचा कालवा. ट्रूडी आणि कॅली एका कोपऱ्यात बसल्या होत्या. डॉक्टर दुसऱ्या कोपऱ्यात, ताटाला हात न लावता. मी आणि ओपल मध्ये.  त्या पोरीला ताटातले काटे वेचताना बघत होते आणि मनातल्या मनात लेलंडला शिव्या देत होते.

सोडतीची वेळ झाली. आकडे वाचणारा माणूस उठणार तेवढ्यात लेलंड पुढे गेला आणि त्यानं माइक हातात घेतला. दुसरा हात कोटाच्या खिशात गेला. बाहेर आला तो जांभळा चष्मा घेऊन.

त्यानं तो नाकावर चढवला.

आधी कुणाला काही कळेना. मग मागून एक जण खो खो हसला. मग दोघं-तिघं. लोकांना वाटलं, लेलंड गंमत करतोय. लेलंड उभाच राहिला, हसू थांबेपर्यंत.

"हा चष्मा मी आपल्या खोक्यातून घेतला," तो म्हणाला. "खोका मी नेला होता. ट्रूडी वेसेल्कानं नाही. मला दिसत नव्हतं आणि नवा करायची माझी ऐपत नाही. हे मला पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं. मी तिला आठवडाभर चोर ठरू दिलं."

कढईतलं तेल तेवढं तडतडत होतं. माझ्या शेजारी ओपलनं डोळ्यांना रुमाल लावला. जन्मभर 'नाही' म्हणणारी ती बाई, आणि मी तर केव्हाची रडत होते.

डॉक्टर उठले. हॉलभर लोक बघत असताना ट्रूडीच्या टेबलापाशी गेले आणि तिच्या ताटाशेजारी किल्ली ठेवली.  ट्रूडीनं किल्लीकडे पाहिलं, मग कॅलीकडे पाहिलं. किल्ली उचलून खिशात घातली.

मग ती उठली आणि लेलंडकडे चालत गेली. मला वाटलं, आता ही त्याच्या थोबाडीत देणार. हॉलमधल्या निम्म्या लोकांना तसंच वाटलं असेल.

"मी तुम्हाला माफ केलेलं नाही," ती म्हणाली. माइक चालू होता, सगळ्यांना ऐकू गेलं.

"नकोच करूस," लेलंड म्हणाला.

"पण हा वाकडा बसलाय. द्या इकडे."

तिनं त्याच्या नाकावरून चष्मा काढला. पिशवीतून छोटी पक्कड काढून नाकावरची पट्टी दाबली, काड्या अंगठ्यानं जरा बाहेर, जरा खाली वाकवल्या. परत त्याच्या चेहऱ्यावर ठेवला, कानांमागे बोट फिरवून पाहिलं, मागे सरून पाहिलं, परत पुढे येऊन उजवी काडी केसभर उचलली. दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला करते तसंच, तेवढंच सावकाश.

"आता दिसतंय?"

लेलंडनं तिच्याकडे पाहिलं.

"तू रडतेयस," तो म्हणाला.

"आकडा वाचा," ट्रूडी म्हणाली.